जट: कात्रीआधीची भीती

जट म्हणजे एकमेकांत घट्ट अडकून दोरखंडासारखे झालेले केस. वैद्यकीय नाव ‘प्लायका’.

कशी होते? डोक्यावरचे 50 ते 100 केस रोज गळतात. विंचरणे थांबले की तेच गुंत्यात अडकतात. घाम, तेल, धूळ आणि मळ गुंता पक्का करतात. उवा, कोंडा, दुर्गंधी, मानदुखी मागोमाग येतात.

भीती कसली? जट हा सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीचा कौल मानला जातो. कापली तर देवी कोपेल, घरावर अरिष्ट येईल, हा धाक. पूर्वी जट आलेल्या मुली देवीला देवदासी म्हणून सोडल्या जात. कर्नाटकात 1982 चा, महाराष्ट्रात 2005 चा देवदासीविरोधी कायदा आला.

कात्री कोण लावते? साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (1945–2013) यांनी 1989 मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. समितीचे कार्यकर्ते आधी जट आलेल्या बाईशी आणि घरच्यांशी बोलतात. कधी कधी तिच्यापेक्षा सासूची समजूत काढायला जास्त वेळ लागतो! होकार मिळाल्यावरच कात्री. जाड जट एका दमात कापली जात नाही. थोडी थोडी कातरत मुळाकडे जावे लागते.

दुखते का? केसाच्या दिसणाऱ्या भागात नसा नसतात, त्यामुळे कापताना वेदना नाही. ओढ बसली तर दुखते ती टाळू. केस पुन्हा येतात, महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर.

फक्त इथलेच? नाही. पोलंडमध्येही जट कापली की आजार बळावतो, असे मानत. क्राकोचे डॉ. युझेफ डित्ल यांनी एकोणिसाव्या शतकात या समजुतीविरुद्ध मोहीम चालवली.