इंग्रजी वाक्यातलं क्रियाविशेषण ओळखायचं कसं?

शेवटी ‘-ली’ दिसलं की क्रियाविशेषण, ही युक्ती इंग्रजीच्या तासाला हमखास सांगितली जाते. ‘क्विकली’, ‘स्लोली’पुरती ती चालते. पण ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘लोनली’ ही चक्क विशेषणं आहेत, आणि ‘सून’, ‘ऑफन’, ‘वेल’ या क्रियाविशेषणांना ‘-ली’ लागतच नाही. शेपटावरून जात ठरवण्याची ही सवय मुलांचं नुकसान करते.

शब्दांच्या आठ जाती आपल्याला नव्या नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. अडचण वेगळीच आहे. इंग्रजी शब्द रूप न बदलता जात बदलतो. ‘बॅक’च घ्या. ‘माय बॅक’मध्ये तो नाम, ‘बॅक डोअर’मध्ये विशेषण, ‘कम बॅक’मध्ये क्रियाविशेषण आणि ‘दे बॅक द प्लॅन’मध्ये क्रियापद. म्हणून सुट्या शब्दाची जात विचारण्यात अर्थ नाही, वाक्य हवंच.

एक वाक्य घेऊ: ‘द फ्रेंडली गार्ड वर्क्ड हार्ड, बट द ट्रेन स्टिल अराइव्ह्ड व्हेरी लेट.’

आधी क्रियापदं शोधा: ‘वर्क्ड’ आणि ‘अराइव्ह्ड’. काम कोणी केलं? गार्डने. आलं काय? ट्रेन. ही झाली नामं. ‘बट’ दोन वाक्यं जोडतो, म्हणजे उभयान्वयी. आता उरलेल्या प्रत्येक शब्दाला विचारा, तू कोणाबद्दल सांगतोस? ‘फ्रेंडली’ गार्डबद्दल, म्हणजे नामाबद्दल सांगतो, विशेषण. ‘हार्ड’ काम कसं केलं ते सांगतो, क्रियाविशेषण. ‘हार्ड वर्क’ म्हटलं असतं तर तोच शब्द विशेषण झाला असता. ‘लेट’ कधी आली ते सांगतो आणि ‘स्टिल’सुद्धा ‘अराइव्ह्ड’लाच चिकटतो. राहिला ‘व्हेरी’. तो क्रियापदाकडे बघतही नाही, ‘लेट’ किती ते सांगतो. तरीही क्रियाविशेषणच, कारण इंग्रजीत क्रियापद, विशेषण, दुसरं क्रियाविशेषण, कधी अख्खं वाक्य, यांतल्या कशाचीही विशेष माहिती देणारा शब्द याच जातीत जातो. नामाची माहिती देण्याचं काम मात्र विशेषणाचं.

दोन ठिकाणी चांगली मुलंही फसतात. ‘शी लुक्ड अँग्री’ या वाक्यात ‘अँग्री’ क्रियापदानंतर आला तरी विशेषण आहे, कारण रागावलेली ती दिसते. ‘शी लुक्ड अँग्रिली अ‍ॅट हिम’मध्ये मात्र बघण्याची तऱ्हा सांगितली आहे. शंका आली तर ‘लुक्ड’च्या जागी ‘वॉज’ घालून पाहा. वाक्य जमलं तर पुढचा शब्द बहुधा विशेषण.

दुसरी जागा ‘डाउन’, ‘अप’, ‘इन’ यांची. मराठीत ‘वर बघ’ आणि ‘झाडावर बघ’ यांतला फरक डोळ्यांना दिसतो, कारण शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहितात. इंग्रजीत तो सुटा राहतो. त्यामुळे पुढे नाम येतं का ते पाहायचं. ‘ही फेल डाउन’मध्ये पुढे काहीच नाही, म्हणून क्रियाविशेषण, ‘ही फेल डाउन द स्टेअर्स’मध्ये ‘डाउन’ जिन्याशी जोडलेला, म्हणून शब्दयोगी.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. मुलांना क्रियाविशेषणाखाली नुसती रेघ मारायला सांगू नका. तो शब्द ज्याची माहिती देतो, तिथपर्यंत बाण काढायला सांगा.