'क्रॉनिक' : अर्थ आणि वापर

आपल्या केसपेपरवर, प्रमाणपत्रांत आणि रुग्णालयास लिहिलेल्या पत्रांत जे इंग्रजी शब्द नित्य येतात, त्यांपैकी 'क्रॉनिक' हा शब्द फारच सैलपणे वापरला जातो. कोणी तो 'तीव्र' या अर्थी लिहितो, कोणी 'हट्टी' या अर्थी; आणि रुग्णाच्या कानी तो पडला की 'आता हे दुखणे बरे होणे नाही' असेच त्यास ऐकू येते. या तिन्ही अर्थांपैकी एकही वैद्यकीय इंग्रजीस अभिप्रेत नाही.

शब्दाचे मूळ ग्रीक 'ख्रोनोस' म्हणजे काळ. कालक्रम सांगणारी 'क्रॉनॉलॉजी', बखरीस म्हणतात ते 'क्रॉनिकल' आणि काळ मोजणारा 'क्रॉनोमीटर' ही याच कुळातील भावंडे. मूळ ग्रीक असल्यामुळे 'सी-एच' या अक्षरांचा उच्चार येथे 'च' न होता 'क' होतो. कोलेस्टेरॉल शब्दात होतो तसाच. (त्यातील 'कोले' म्हणजे पित्त, हे आपल्या वाचकांस रुचावे.) तेव्हा क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेला, एवढाच मूळ आशय. वेदना किती, धोका किती, रोग साध्य की असाध्य, याविषयी हा शब्द स्वतः काहीही सांगत नाही.

दीर्घकाळ म्हणजे किती, याचे उत्तर मात्र रोगागणिक वेगळे आहे. प्रौढांतील खोकला ८ आठवड्यांहून अधिक टिकला तर तो क्रॉनिक. अतिसारास ४ आठवडे, शीतपित्तासारख्या अर्टिकेरियास ६ आठवडे, वृक्कविकारास किमान ३ महिने आणि हिपॅटायटिस 'बी' च्या संसर्गास ६ महिने अशा मर्यादा रूढ आहेत. क्रॉनिक ब्राँकायटिसची जुनी व्याख्या तर लागोपाठ २ वर्षे, प्रत्येक वर्षी किमान ३ महिने सकफ कास अशी आहे. यावरून 'तीन दिवसांपासून क्रॉनिक खोकला' हे वाक्य किती विसंगत आहे ते ध्यानी यावे.

याचा प्रतियोगी शब्द 'ॲक्यूट'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ टोकदार, धारदार. वैद्यकात तो अचानक उद्भवलेल्या व अल्पकाळाच्या विकारास लावतात. साधी सर्दीही ॲक्यूटच असते. म्हणजे येथेही तीव्रतेचा संबंध अनिवार्य नाही. तीव्रता सांगायची तर 'सिव्हिअर' हा स्वतंत्र शब्द आहे. जुन्या वृक्कविकारात एकाएकी बिघाड झाला तर 'ॲक्यूट ऑन क्रॉनिक' असे लिहितात, ते याच विवेकामुळे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. समजा, दोन दिवसांपासून उदराच्या उजव्या अधोभागी असह्य शूल असलेल्या रुग्णास आपण रुग्णालयात धाडले आणि 'फार दुखते' या अर्थाने चिठ्ठीवर 'क्रॉनिक पेन' लिहिले. तेथील वैद्यक अधिकारी ते जुने दुखणे समजेल आणि आंत्रपुच्छाच्या शोथाचा विचार मागे पडू शकेल. उलटपक्षी, दहा दिवसांच्या संधिशूलास प्रमाणपत्रात 'क्रॉनिक' म्हटले, तर विमा कंपनी 'आजार पॉलिसीपूर्वीचा होता काय' असे विचारू लागते. रुग्णाने मग कोणाकडे दाद मागावी?

असाध्यतेचा गैरसमज तर याहून घातक. क्रॉनिक हिपॅटायटिस 'सी' हे त्याचे उत्तम खंडन आहे. वर्षानुवर्षे यकृतात ठाण मांडून बसणारा हा संसर्ग गेल्या दशकापासून विषाणुविरोधी गोळ्यांनी बहुतांश रुग्णांत साधारण ८ ते १२ आठवड्यांत समूळ जातो. अशा रुग्णाने 'क्रॉनिक' म्हणजे 'अखेर' असे समजून तपासणीच टाळली, तर तो दोष शब्दाचा नव्हे, समजावून न सांगणाऱ्याचा.

आपल्या परिभाषेत यास प्रतिशब्द कोणता? 'चिरकारी' हा आम्हांस सर्वांत निकटचा वाटतो, आणि ॲक्यूटला 'आशुकारी'. 'जीर्ण' रूढ आहे खरा. परंतु जीर्णज्वराच्या लक्षणात तीन सप्ताहांच्या काळाबरोबरच ज्वराचे तनुत्व, प्लीहा आणि अग्निसाद यांचाही समावेश आहे. तेथे काळासह रोगाचे स्वरूपही पालटलेले असते. शिवाय 'जीर्ण आहार' म्हणजे पचलेला आहार, हे विसरून चालणार नाही. 'याप्य' हा शब्द मात्र क्रॉनिकसाठी मुळीच वापरू नये. तो साध्यासाध्यतेच्या विचारातील आहे. कलत्या घरास दिलेल्या टेकूप्रमाणे चिकित्सा चालू असेतोवर जो रोग आवरून राहतो, तो याप्य. पित्तज प्रमेहांस चरकाने याप्य म्हटले ते दिवस मोजून नव्हे.

वापरासंबंधी आणखी थोडे. हे विशेषण रोगास लागते, रोग्यास नव्हे; 'क्रॉनिक पेशंट' असे लिहिणे टाळावे. दीर्घ सवयीच्या अर्थाने 'क्रॉनिक स्मोकर' मात्र सर्रास चालते. 'क्रॉनिक पॉयझनिंग' म्हणजे जहाल विषबाधा नव्हे, तर अल्प मात्रेत दीर्घकाळ पोटात गेलेल्या विषाची बाधा. शिसे व सोमल यांच्या संदर्भात रसौषधी वापरणाऱ्यांनी हा अर्थ पक्का ठाऊक ठेवावा. ब्रिटनमधील बोलभाषेत क्रॉनिक म्हणजे 'भयंकर' असाही अर्थ आहे, पण तो केसपेपरवर आणण्याचे कारण नाही. आक्षेपकाच्या झटक्यांसाठी असलेला 'क्लोनिक' हा वेगळाच शब्द घाईच्या अक्षरात क्रॉनिकसारखा दिसतो, तेव्हा तो सुट्या अक्षरांत लिहावा.

आणि जेथे शंका असेल तेथे विशेषण गाळून काळच लिहावा : 'कटिशूल, ५ महिने, गेले २ दिवस वाढ'. वाचणाऱ्यास त्यातून हवे ते सर्व कळते.