नाचाआधीचा वाफसा

रात्रीची लाइट असली की कांद्याला पाणी भरायला मी जातो. राळेगणसिद्धीच्या शिवारात हिवाळ्यातल्या रात्री दारं धरणं म्हणजे गारठ्यात उभं राहून वाट पाहण्याचं काम. एक वाफा भरत आला की खोऱ्याने दारं मोडायचं आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. मधल्या वेळात बॅटरी काखेत धरून मोबाइलवर 'पोकेमॉन शोडाउन'ची लढत पुढे सरकवायची. एका वाफ्यात तीन-चार खेळ्या होतात. बरीच वर्षं हे असंच चाललंय आणि या सगळ्या वर्षांत माझं प्रेम एकाच प्रकारच्या गड्यावर राहिलं: आधी नाचणारा, मग मैदान झाडून काढणारा. खेळाच्या भाषेत सेटअप स्वीपर.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे सहा-सहा पोकेमॉन, मैदानात एकास एक. प्रत्येक खेळीला दोघेही गुपचूप आपापली चाल निवडतात आणि ज्याचा वेग जास्त त्याची चाल आधी होते. बाकीचे गडी आल्या आल्या मारतात. सेटअप स्वीपर पहिली खेळी मारण्यात घालवत नाही. तो 'स्वॉर्ड्स डान्स' करतो आणि त्याचा हल्ला दुप्पट होतो. किंवा 'ड्रॅगन डान्स' करतो आणि हल्ला व वेग दोन्ही दीडपट होतात. ती खेळी तो जगला, तर पुढच्या सहा खेळ्यांत समोरचे सहाही आडवे होऊ शकतात. नाही जगला, तर नाच फुकट आणि गडीही गेला. लोक सहा खेळ्यांच्या त्या धुमाकुळाचं कौतुक करतात. मागे वळून पाहताना मला मात्र आधीची ती एक रिकामी खेळीच दिसते. या गड्याचा सगळा इतिहास त्या खेळीची किंमत कोणी आणि किती मोजली, याचा आहे.

2003 च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून सुरू झालं तेव्हा आम्ही शाळकरी होतो. पडद्यावर अ‍ॅश ओरडायचा, पिकाचू वीज टाकायचा, हिशेब कुठेच नव्हता. मूळ खेळ मात्र 1996 सालीच जपानात आला होता आणि तो आकड्यांवरच चालायचा. गंमत म्हणजे त्या पहिल्या खेळात वेगवान गड्याला नाचण्याची फारशी गरजच नव्हती. वर्मी फटका बसण्याची शक्यता तिथे वेगावर ठरायची. टॉरोससारख्या चपळ गड्याचा साधारण दर पाचवा फटका वर्मी बसायचा, तर पर्शियनचा 'स्लॅश' जवळजवळ प्रत्येक वेळी. आणि वर्मी फटका वाढवलेले-घटवलेले सगळे आकडे बाजूला ठेवायचा, मारणाऱ्याने स्वतः नाचून वाढवलेला हल्लासुद्धा. म्हणजे नाचून जे कमावलं ते आपलाच वर्मी फटका पुसून टाकणार. 1999 च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये राज्य आलं ते 'कर्स' करून संथपणे फुगत जाणाऱ्या स्नॉरलॅक्सचं. चपळ गड्यांनी अजून वाटच पाहायची होती.

ती वाट 2002 मध्ये रूबी-सफायरने मोकळी केली. ड्रॅगन डान्स आला आणि सलामेन्स, ग्याराडोस, टायरॅनिटार एका खेळीत जोरकस आणि चपळ असे दोन्ही होऊ लागले. सलामेन्स आणि ग्याराडोस मैदानात येतानाच दरडावून समोरच्याचा हल्ला कमी करायचे, म्हणजे नाचण्यापुरती उसंत स्वतःच मिळवायचे. त्याच काळात निन्जास्क नावाचा किडा आला. वेगाचा मूळ आकडा 160 आणि वर दर खेळीअखेर तो आपोआप वाढणार. अंगात जीव नव्हता, पण तो स्वतः लढायचाच नाही. नाचायचा आणि 'बॅटन पास' करून सगळी कमाई मागच्या दांडगटाच्या हातात द्यायचा. पुढे खेळाडूंनी या बॅटन पासला आधी मर्यादा घातली आणि नंतर थेट बंदी.

तरी एक खोट होती. तोवर चाल शारीरिक की विशेष हे चालीच्या जातीवरून ठरायचं. पाण्याच्या सगळ्या चाली विशेष, आणि ड्रॅगन डान्सने वाढतो तो शारीरिक हल्ला. म्हणून ग्याराडोस कितीही ड्रॅगन डान्स करो, त्याच्या स्वतःच्या पाण्याला त्याचा उपयोग शून्य. 2006 च्या डायमंड-पर्लने ही गणना चालीगणिक वेगळी केली, 'वॉटरफॉल' शारीरिक झाला आणि ग्याराडोसला त्याचं पाणी परत मिळालं.

डायमंड-पर्लनेच गार्चॉम्प आणला. त्याच्या वेगाचा मूळ आकडा 102. वाचायला साधा वाटतो. पण सलामेन्स, झॅपडोस, जिराची, सेलेबी अशी निम्मी दुनिया नेमकी 100 वर उभी होती. पूर्ण वेग दिला की त्यांचा आकडा 328 होतो आणि गार्चॉम्पचा 333. पाच गुणांचा फरक; पण या खेळात एका गुणाने पुढे असलेलाही आधीच मारतो. स्वॉर्ड्स डान्सने हल्ला दुप्पट, त्यावर 'आउटरेज', आणि वेगासाठी वेगळं नाचायची गरजच नाही. खेळाडूंनीच चालवलेल्या स्मॉगॉन या समुदायाने त्याला नेहमीच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. पुढे सलामेन्सही त्याच वाटेने गेला.

पण याच खेळाने नाचणाऱ्याच्या वाटेत काटेही पेरले. 'स्टेल्थ रॉक'चे दगड एकदा पसरले की येणारा प्रत्येक गडी पाय ठेवताच घायाळ. 'चॉइस स्कार्फ' बांधला की कोणाचाही वेग दीडपट, पण मग एकाच चालीत अडकून राहायचं. आणि 'बुलेट पंच', 'आइस शार्ड', 'सकर पंच' अशा चाली आल्या, ज्या वेग न विचारता आधी लागतात. तुम्ही कितीही चपळ व्हा, गोळी तुमच्याआधी पोहोचणार.

याच डावपेचात मी पहिली काही वर्षं सडकून हरलो. सलामेन्स हातात आला की पहिल्याच खेळीला नाच. समोर काय उभं आहे ते पाहायचं भान नाही. एकदा असाच वैतागून बांधावर बसलो होतो. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, काय झालं विचारलं. जमेल तसं सांगितलं. त्यांना पोकेमॉनमधलं काही कळलं नसणार, पण ते म्हणाले, "पाऊस पडला म्हणून कुणी लगेच पाभर जुंपत नाही. माती मुठीत घ्यायची, दाबायची. चिखल हाताला चिकटला तर थांबायचं. लाडू होऊन अलगद फुटला, की वाफसा आला. मग थांबायचं नाही."

नाचालाही वाफसा लागतो. तो कसा दिसतो ते सांगतो. समोर स्कार्फ बांधलेला गार्चॉम्प आहे आणि 'अर्थक्वेक'मध्ये अडकलाय. मी आता ग्याराडोस आणतो. तो उडणारा, भूकंप त्याला लागतच नाही. समोरच्याला गडी बदलावाच लागणार. तो बदलेल, ती खेळी माझी. हाच वाफसा. तो ओळखायला लागल्यावर मी जिंकायला लागलो असं नाही, पण का हरलो ते कळायला लागलं.

2010 च्या ब्लॅक-व्हाइटने पेरणीचं यंत्रच बदललं. 'शेल स्मॅश' या एका चालीने हल्ला, विशेष हल्ला आणि वेग तिन्ही दुप्पट. बदल्यात दोन्ही बचाव थोडे उतरतात. क्लॉयस्टर हा शिंपला, मूळ वेग फक्त 70. पूर्ण वेग दिल्यावर 262, शिंपला फोडल्यावर 524. स्कार्फ बांधलेला टेराकिऑन 519 वर थांबतो. वर क्लॉयस्टरचा 'आयसिकल स्पिअर' एका दमात पाच वेळा लागतो, म्हणजे एक गुण राखून तग धरणाऱ्यांचंही काही चालत नाही. 'क्विव्हर डान्स' करणारी व्होल्कारोना आली. दगडांवर पाय पडताच तिचा अर्धा जीव जायचा, तरी लोक ती वापरायचे. ब्लेझिकेनला निन्जास्कसारखा आपोआप वाढणारा वेग मिळाला आणि तोही बाहेर घालवला गेला. पण याच खेळात लढतीआधी दोघांचे सहाही गडी एकमेकांना दिसू लागले. नाचणारा आता दडवता येत नव्हता. शोडाउन हे संकेतस्थळ याच सुमारास, 2011 मध्ये आलं आणि खेळाचं यंत्र कधी हातातही न घेतलेल्या आमच्यासारख्यांना ब्राउझरवर फुकटात लढता येऊ लागलं.

अधिकृत जागतिक स्पर्धा जोडीच्या खेळात होतात. दोघे इकडे, दोघे तिकडे. तिथे रिकाम्या खेळीची किंमत शेजारी मोजतो. एकाने 'फॉलो मी' म्हणत मार अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने नाचायचं. 2016 च्या हंगामात झर्निअस हे सर्वांच्या डोक्याला ताप होतं: 'जिओमन्सी'ला खरं तर दोन खेळ्या लागतात, पण हातात 'पॉवर हर्ब' असली की एकच, आणि त्यात तीन आकडे दुप्पट.

मग 2019 मध्ये स्वॉर्ड-शील्ड आला आणि किंमत मोजणंच संपलं. डायनामॅक्सने गडी तीन खेळ्यांपुरता अवाढव्य व्हायचा आणि त्याचा 'मॅक्स एअरस्ट्रीम' समोरच्याला मारता मारताच स्वतःचा वेगही वाढवायचा. नाचायचीही गरज नाही. मारलं की पेरणी आपोआप. स्मॉगॉनने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या मुख्य प्रकारात डायनामॅक्सवर बंदी घातली. मी तेव्हा चिडलो होतो, कारण माझा ग्याराडोस पहिल्यांदाच हरायचं विसरला होता. आज वाटतं, बरं झालं. त्या काही आठवड्यांतली माझी एकही लढत मला आठवत नाही.

आमच्या गावाला बाहेरून पाहुणे येतात, त्यांना विहिरीचं पाणी आणि हिरवं शिवार दाखवलं जातं. जेमतेम पावसाच्या या गावात 1975 नंतर आधी यादवबाबांचं देऊळ पुन्हा उभं राहिलं, मग श्रमदानातून नाला बांध, समतल चर, पाझर तलाव. बांध घालून झाल्यावर पाणी मुरेपर्यंत जो काळ जातो, त्याचा फोटो कोणी काढत नाही. खेळाची आणि गावाची तुलना मोठी होईल. पण रिकामी वाटणारी खेळी रिकामी नसते हे इथे वाढलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

2022 च्या स्कार्लेट-व्हायोलेटने वाफसाच फसवा केला. 'टेरास्टल'मुळे गडी ऐन वेळी आपली जातच बदलतो; जो माझ्यासमोर हतबल होता तोच पुढच्या क्षणी मला पुरून उरतो. आणि चपळ नाचणाऱ्यांच्या या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या शर्यतीत शेवटी सिंहासनावर बसला तो किंगॅम्बिट, मूळ वेग अवघा 50. आपले सोबती जितके पडतील तितका हा जोरकस होतो, आणि त्याचा 'सकर पंच' वेग न विचारता आधी लागतो. मात्र एका अटीवर: समोरचा त्याच खेळीला मारायला निघाला असेल तरच. तो नाचला, तर पंच हवेत.

गेल्या हंगामात एका रात्री असाच डाव अडकला. माझा शेवटचा किंगॅम्बिट, समोरची शेवटची व्होल्कारोना, दगडांनी अर्धी झालेली. ती आग टाकणार असेल तर माझा पंच आधी लागून ती संपते. ती क्विव्हर डान्स करणार असेल तर पंच वाया जातो आणि पुढच्या खेळीला चुकलो की मीच जळतो. तिला नाचू द्यायचं, की आपण नाचायचं? वाफसा तिचा की माझा? घड्याळाचे सेकंद उतरत होते. मी बोट वर धरून विचार करत राहिलो, आणि पायाला गार लागलं. वाफा तुडुंब भरून बांधावरून सांडत होता. मोबाइल गवतावर टाकला, खोरं घेऊन धावलो, दारं मोडलं, फुटलेला बांध चिखलाने लिंपला. परत आलो तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं: वेळ संपल्यामुळे पराभूत.

सकाळी तात्यांनी बांधाची नवी माती पाहिली. "रात्री डुलकी लागली होती काय रे?"

हो म्हणालो.