तारखेची वजाबाकी, वाराची साक्ष

19 फेब्रुवारी 1630. शिवाजी महाराजांच्या जन्माची ही तारीख महाराष्ट्रातलं शाळकरी पोरही सांगेल. 19 फेब्रुवारी 2030 पर्यंत या घटनेला किती दिवस होतील? पायथन या संगणकीय भाषेत दोन तारखा लिहायच्या, मध्ये वजाचं चिन्ह टाकायचं, की उत्तर येतं: 1,46,097 दिवस. ते दहा दिवसांनी चुकलेलं आहे.

पायथनची रीत मात्र सुरेख आहे. इसवी सन 1 मधल्या 1 जानेवारीला ती 1 हा क्रमांक देते आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला एकेक वाढवत नेते. आपल्या पहिल्या तारखेचा क्रमांक येतो 5,95,030, दुसरीचा 7,41,127. महिना तिसाचा की एकतिसाचा, मध्ये लीप वर्षं किती, ही सगळी कटकट क्रमांक काढतानाच मिटते. उरते ती शाळेतली वजाबाकी.

चूक होते ती क्रमांक लावताना. पायथन आजची ग्रेगरियन कालगणना मागे थेट सन 1 पर्यंत लावते. प्रत्यक्षात ही पद्धत सुरू झाली 1582 मध्ये आणि इंग्लंडने ती स्वीकारली 1752 मध्ये. शिवचरित्रातल्या रूढ इंग्रजी तारखा जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता.

हे पडताळायचं कसं? वारावरून. जेधे शकावलीत जन्माची नोंद आहे ती शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी. पायथन 19 फेब्रुवारी 1630 ला मंगळवार सांगते. कालगणना बदलली तेव्हाही वारांचा क्रम मोडला नव्हता. 1582 मध्ये गुरुवार 4 ऑक्टोबरनंतर शुक्रवार उजाडला, फक्त तारीख 15 झाली. म्हणून मला वार हा तारखेपेक्षा भरवशाचा साक्षीदार वाटतो. पायथनला दहा दिवस पुढची तारीख, 1 मार्च 1630, द्या, शुक्रवार मिळतो. तिथून मोजलं की खरं उत्तर येतं: 1,46,087.

दोन्ही तारखा एकाच जुन्या पद्धतीतल्या असल्या, तर ही चूक सहसा आपोआप कटते. 19 फेब्रुवारी 1630 ते 3 एप्रिल 1680, महाराजांचं आयुष्य 18,306 दिवसांचं, हे पायथनचं उत्तर अगदी बरोबर आहे. जुनी तारीख आजच्या तारखेतून वजा करायची असेल, तर आधी तिचा वार मूळ नोंदीशी जुळवून पाहा.