छोटा संगणक, मोठं काम (भाग ६) : सेकंद कुठला आणि कधी?

अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापुरात आलात, तर सूर्य माथ्यावर येतो सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, फर्दापूर ७५.७ अंशांजवळ आणि प्रत्येक अंशाला ४ मिनिटं. सूर्य बघून घड्याळ लावायचे दिवस गेले. वेळ आता बाहेरून आणावी लागते.

मागच्या भागात आपण रास्पबेरी पायवर लिनक्स बसवलं. पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज जाऊन परत आली आणि इंटरनेट नसेल, तर शेवटची साठवलेली वेळ धरूनच तो पुढे चालू लागतो. अशा ठिकाणी जीपीएस कामाला येतं.

जीपीएस मॉड्यूल दोन वाटांनी बोलतं. पहिली सिरियल पोर्टची. तिच्यावरून तारीख, वेळ आणि ठिकाण मजकुराच्या ओळींत येतं. नेहमीच्या ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीलाच ८३ मिलिसेकंद लागतात. उपग्रह कमी-जास्त दिसले की ओळींची लांबी बदलते आणि उशीरही बदलतो. दुसरी वाट पीपीएस पिनची. तिथे दर सेकंदाला एक विद्युत ठोका येतो. त्याची चढती कड सेकंदाच्या सुरुवातीशी जुळलेली असते, साध्या मॉड्यूलमध्येही मायक्रोसेकंदाच्या आत. लग्नपत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो, पण अक्षता पडतात शेवटच्या ‘सावधान’ला. तसंच इथे: सेकंद कुठला हे मजकूर सांगतो, तो कधी सुरू झाला हे ठोका सांगतो. नुसत्या मजकुरावर भिस्त ठेवली, तर घड्याळ बरोबर दिसतं आणि मागे असतं.

जोडणी. मॉड्यूलची टीएक्स पायच्या १० क्रमांकाच्या पिनला, आरएक्स ८ ला, ग्राउंड ६ ला आणि पीपीएस १२ ला (म्हणजे जीपीआयओ १८). पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा ठोका थेट दिलात तर पिन जळू शकते. काही स्वस्त मॉड्यूलांवर ठोक्याचा दिवा लुकलुकतो, पण त्याची पिन बाहेर काढलेली नसते. विकत घेतानाच बघून घ्या.

सिरियल पोर्ट. हा पोर्ट बऱ्याचदा लॉगिन कन्सोलने अडवलेला असतो. रास्पी-कॉन्फिगमध्ये लॉगिन शेलला ‘नाही’ आणि सिरियल हार्डवेअरला ‘होय’ म्हणा. पाय ३ आणि ४ वर चांगला यूआर्ट ब्लूटूथकडे असतो आणि आपल्या वाट्याला मिनी यूआर्ट येतो. ब्लूटूथ नको असेल, तर कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिसेबल-बीटी’ ओव्हरले टाकून चांगला परत घ्या.

ठोका. त्याच फाइलमध्ये ‘पीपीएस-जीपीआयओ’ ओव्हरले लिहा, पिन १८ द्या आणि पाय पुन्हा सुरू करा. ‘पीपीएसटेस्ट’ चालवल्यावर दर सेकंदाला एक नवी ओळ यायला हवी. ती येत नसेल, तर आधी तार तपासा, मग आकाश.

क्रॉनी. वेळ राखणाऱ्या या प्रोग्रॅमला दोन्ही स्रोत सांगा आणि ठोका मजकुराशी ‘लॉक’ करा. मजकुराचा सरासरी उशीर मोजून ‘ऑफसेट’मध्ये भरा. न भरलेला उशीर अर्ध्या सेकंदाकडे झुकला, तर ठोका कुठल्या सेकंदाचा हेच ठरवता येत नाही. शिवाय जीपीएसची वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे आहे आणि हा फरक उपग्रह साडेबारा मिनिटांतून एकदा सांगतात. म्हणून नवं मॉड्यूल लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं त्याच्यावर विसंबू नका.

अँटेना कुठे ठेवता, यावरही बरंच अवलंबून आहे. फर्दापूरच्या गच्चीवर आकाश मोकळं आहे. चार-पाच किलोमीटरवर, वाघूर नदीच्या नालाकृती दरीत, अजिंठ्याच्या लेण्यांसमोर मात्र बेसॉल्टचा उभा कडा बरंचसं आकाश झाकतो आणि त्यावर आदळून आलेले संदेश लांबच्या वाटेने पोचतात. वाट ३० मीटर वाढली, की १०० नॅनोसेकंदांची चूक. ठिकाण आणि वेळ दोन्ही शोधायला निदान चार उपग्रह लागतात. पण वेळेसाठीच बनवलेल्या रिसीव्हरला अँटेनाची जागा आधी सांगून ठेवली, तर एकावरही भागतं.

एवढी काटेकोर वेळ कुणाला लागते? वीज कुठे कडाडली हे शोधणाऱ्या यंत्रणेला लागते, कारण वेगवेगळ्या केंद्रांवर लहरी पोचण्यातला फरक मोजूनच ती जागा ठरवते आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही लागते. तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत आणि पल्सारच्या नोंदी करताना वेधशाळेचं घड्याळ जीपीएसशी किती जुळतं, याचा हिशोब ठेवावा लागतो.

या आठवड्याचा गृहपाठ: क्रॉनीची आकडेवारी लिहून ठेवा, ओव्हरले तसेच राहू द्या आणि फक्त पीपीएसची तार काढून तासाभराने पुन्हा पाहा. मायक्रोसेकंदांच्या जागी मिलिसेकंद दिसू लागतील. पुढच्या भागात हीच वेळ शाळेच्या संगणक कक्षातल्या सगळ्या यंत्रांना इंटरनेटशिवाय वाटू.