सुई न देणारी डॉक्टर

मुलांनो, डॉक्टर म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? आमच्या ढाणकीच्या शाळेत चौथीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला. कुणी म्हणालं, सुई! कुणी म्हणालं, कडू गोळ्या! एक मुलगी मात्र हळूच म्हणाली, "नागपूर."

तिच्या आजोबांच्या गालाला आतून गाठ आली आहे. खर्रा खायची जुनी सवय. कर्करोगाच्या उपचारासाठी त्यांना नागपूरला न्यावं लागतं. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली नि म्हणाली, "गुरुजी, त्या गाठीतलं मास बाकीच्या मासासारखं गुमान काऊन नाही राहत?"

मी तिला सांगितलं, की आपलं शरीर पेशींचं बनलेलं असतं. पेशी वाढतात, एकीच्या दोन होतात, पण गरज संपली की थांबतात. कर्करोगाच्या पेशी थांबत नाहीत. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता : "का थांबत नाहीत?" मी डी.एड. शिकलेला माणूस. माझी गाडी तिथं अडली.

पण हा 'का' शोधणारेही डॉक्टर असतात बरं का! ते सुई देत नाहीत. ते पीएच.डी. करून डॉक्टर होतात. अशाच एका बाईंची गोष्ट तुम्हांला सांगतो.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने दवाखान्यातली डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. कमलने दोन्ही केलं नाही! हुजूरपागा शाळेनंतर ती फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र नि प्राणिशास्त्र शिकली. १९३९ मध्ये लग्न केलं ते गणित शिकलेल्या रणदिवे यांच्याशी. मग १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं. विषय ओळखा पाहू? सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशी!

हो, तेच सीताफळ, ज्याच्या टोपल्या दसरा-दिवाळीला आपल्या बाजारात येतात. त्याच्या पेशीत धाग्यांसारखी १४ गुणसूत्रं असतात. पेशी दोन होताना ती नीट वाटली जावी लागतात. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, मोजायची, पुन्हा मोजायची. सोपं वाटतं ना? मग ऐका. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात, असं त्या काळच्या पुस्तकांत छापलेलं असे. १९५६ साली तिओ आणि लेव्हान या दोघांनी नीट मोजून दाखवलं, की ती ४६ आहेत! इतकी वर्षं मोठमोठे लोक चुकीचं मोजत होते. (आमच्या वर्गात पाढे चुकणाऱ्यांना हे ऐकून फार बरं वाटलं.)

लग्नानंतर कमलाबाई मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. तिथं त्यांना वसंत खानोलकर हे गुरू लाभले. ते रोगनिदानशास्त्रातले मोठे तज्ज्ञ. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. या अभ्यासाला ठरलेलं पुस्तक नसतं. ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही असा एक प्रश्न घ्यायचा, गुरूच्या नजरेखाली काही वर्षं त्याच्यामागं लागायचं, आणि जे सापडलं ते प्रबंधात लिहून जाणकारांपुढं तपासायला ठेवायचं.

शरीररचनाशास्त्रातही असंच. यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर होऊ पाहणारी मुलं देहदान केलेल्या माणसांच्या देहावरून शरीर शिकतात. पण त्या विषयात पेशींचं संशोधन करायचं, तर शरीराच्या कणाएवढ्या तुकड्याचे काप काढावे लागतात. किती पातळ? तुमच्या एका केसाच्या जाडीत दहा-पंधरा मावतील इतके! मग ते रंगवायचे, काचेवर बसवायचे. एक काप चुरगळला की पुन्हा पहिल्यापासून.

पीएच.डी. झाल्यावर कमलाबाई अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथं शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवण्याचं शास्त्र शिकायला मिळे. विरजणाची आठवण ठेवा. आई थोडं दही नव्या दुधात घालते तसं वाढलेल्या पेशींतल्या थोड्या नव्या पोषक द्रवात घालायच्या. ऊब मात्र बरोबर शरीराइतकीच हवी, आणि एकही जंतू आत शिरता कामा नये. शिरला की सगळं वाया. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या आजही जगभर वाढताहेत, पण तेव्हा त्या बाईंना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. हे मला अजून खटकतं.

परत येऊन कमलाबाईंनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर प्रयोग करून स्तनांचा कर्करोग, शरीरातली संप्रेरकं आणि विषाणू यांचा संबंध त्यांनी शोधला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही काम केलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २००१ मध्ये त्या गेल्या. म्हातारपणीही त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांना पुरेसं अन्न मिळतं का, याची पाहणी त्यांनी केली होती.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. ती मुलगी टक लावून ऐकत होती. मग म्हणाली, "मंग त्या बाईला उत्तर सापडलं का, गुरुजी?"

थोडं सापडलं, असं मी म्हणालो. बाकीचं अजून शोधताहेत.

पुढच्या शनिवारी आम्ही हायस्कुलात सूक्ष्मदर्शक पाहायला जाणार आहोत. कांद्याच्या पाकळीचा आतला पातळ पापुद्रा काचेवर ठेवला, की पेशी विटांच्या भिंतीसारख्या ओळीनं दिसतात. कांदा ती आणणार आहे.