देवळाची भिंत हादरली तर

दिंडोरी, कळवण, पेठ या आपल्या पट्ट्यात अधूनमधून जमीन हादरते. भांडी वाजतात, आपण अंगणात येतो आणि पुन्हा कामाला लागतो. पण गावच्या जुन्या दगडी देवळाला चीर गेली तर? दुरुस्तीच्या वर्गणीत आपल्या गटाचेही पैसे असतात, म्हणून ही माहिती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. भिंती जाड होत्या, तरी पडल्या. आत आणि बाहेर दगडाचा एकेक थर, मध्ये माती आणि चिपा; दोन्ही थरांना बांधणारे लांब आरपार दगड नव्हते. हादऱ्याने थर सुटले, भिंतीचे पोट फुगले आणि वरचे धाब्याचे ओझे खाली आले. म्हणून भिंतीची जाडी पाहून निर्धास्त राहू नये. पोट फुगलेले दिसले की त्या बाजूला कोणी बसू नये, आधी टेकू द्यावा.

पडलेला दगड टाकून देऊ नका. तो घडवलेला आहे, त्याची जागा ठरलेली आहे. आधी फोटो काढावेत, मग प्रत्येक दगडावर आकडा घालावा. चिरेच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहावी. चीर खुणेपुढे गेली, तर ती अजून वाढते आहे. नुसती बुजवून भागणार नाही.

बुजवताना सिमेंट का नको? जुने बांधकाम चुन्याचे असेल, तर त्याला चुनाच मानवतो. चुना थोडा नमतो आणि ओल बाहेर सोडतो. सिमेंट कडक, ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांध्यातले साधे लोखंड गंजून फुगते आणि दगड फोडते. तिथे न गंजणारे पोलाद हवे. चुन्याला वेळ लागतो, काही दिवस ओलावा द्यावा लागतो. पाणी मारायचे काम गटाने वाटून घेता येईल.

सिन्नरच्या गोंदेश्वरासारखे देऊळ संरक्षित असेल, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. बाकी देवळांसाठी बैठकीत तीन प्रश्न विचारू या: चीर वाढते आहे का? दगडांवर आकडे घातले का? माल चुन्याचा की सिमेंटचा? उत्तरे मिळाल्यावरच वर्गणी देऊ या.